अर्जातून एक नाव कमी

आमच्या घरात पगाराची रीत अशी होती की यांचा पगार संपायचा आणि माझा पगार साठायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ही रीत मी घातली. मी घातली, हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यात जास्त तोंड मीच वाजवलं. यांच्या पगारातून भाडं, किराणा, लेकीची फी, दवाखाना, पाहुणेरावळे आणि झाडून सगळे हप्ते. माझा पगार सरळ बँकेत ठेवीला. ती ठेव घराची. तिला कुणी हात लावायचा नाही. एकदा हात लागला की ठेव राहत नाही, तिचा गल्ला होतो, असं मी म्हणायचे आणि माझ्या हुशारीवर मीच खूश असायचे.

मी लातूरला एका क्लासमध्ये डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. नवरा नांदेड जिल्ह्यात, किनवटच्याही पुढं जंगलातल्या एका आश्रमशाळेत मराठीचा शिक्षक. तिथंच शाळेच्या खोलीत राहतो, महिन्यातून दोनदा लातूरला येतो. अठरा वर्षं असंच चाललंय. लोक विचारतात, असं लांब राहून जमतं कसं? मी म्हणते, भांडायला वेळ मिळत नाही म्हणून जमतं. खरं म्हणजे भांडायला मला पंधरा मिनिटं पुष्कळ होतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्हाला घर सापडलं. औसा रोडच्या आतल्या बाजूला एक रो-हाऊस, खाली दोन खोल्या, वर एक, आणि मुख्य म्हणजे बोअरला पाणी. लातूरच्या माणसाला घर दाखवा, तो भिंती नंतर बघेल, आधी बोअर विचारेल. मी तर मोटार चालू करायला लावून दहा मिनिटं पाणी बघत उभी राहिले. मालक डाळमिलमधून रिटायर झालेले एक काका. बायको वारलेली, पोरगा हैदराबादला, तिकडंच जायचं म्हणून विकत होते. भाव ठरला चौतीस लाख, खरेदीचा सगळा खर्च धरून. आमच्या ठेवीत होते सहा; क्लासवाले सुरुवातीची बरीच वर्षं हातखर्चाएवढंच देत, पगार बरा झाला तो अलीकडं. त्यातले तीन इसार म्हणून दिले, आणि इसारपावतीवर लिहिलं की साठ दिवसांत खरेदीखत झालं नाही तर इसार परत मिळणार नाही. मी काही ते वाचल्याशिवाय सही केली नाही. वाचलं, आणि म्हटलं, साठ दिवस म्हणजे काय कमी आहेत? दोन-दोन पगार आहेत घरात, बँक पायघड्या घालेल.

पायघड्या कसल्या! कागद गोळा करण्यातच महिना गेला. माझी नोकरी क्लासची, म्हणजे आज आहे उद्या नाही, म्हणून घोडं अडलंच तर माझ्यापाशी अडणार हे मी गृहीत धरलं होतं. तीन वर्षांचे आयकराचे कागद, क्लासचं पत्र, पासबुक, सगळं फाईलला लावलं. यांचं काय, सरकारी अनुदानाची पक्की नोकरी, त्यांची पगाराची पावती पुरे. एक्केचाळिसाव्या दिवशी बँकेनं बोलावलं. हे रजा टाकून आले. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, जसे काही बक्षीस घ्यायला निघालेत.

बँकेतला कर्जाचा साहेब पोरसवदा होता, पण बोलायला गोड. त्यानं आमचे नंबर कॉम्प्युटरला घातले.

"दोघांचा अर्ज आहे, चांगलंय. दोघांचं उत्पन्न मिळवलं की अठ्ठावीस लाख आरामात बसतात," तो म्हणाला. मग थांबला. स्क्रीन थोडी स्वतःकडे वळवली. "मॅडमचा स्कोअर सातशे ब्याण्णव. सरांचा... सहाशे एकोणीस."

मला हसूच आलं. "उलटं झालंय तुमचं. सहाशे माझा असेल."

"नाही मॅडम. तुमचा उत्तम आहे."

मग त्यानं समजावून सांगितलं. तुम्ही आजवर जी जी कर्जं घेतली, त्यांचे हप्ते तारखेला गेले का चुकले, याचे हे मार्क. किती कमावता याचा त्याच्याशी काही संबंध नाही. यांच्या नावावर चुकलेले हप्ते होते. एक-दोन नव्हे, कितीतरी.

"बुडवलं नाही कुणाचं," हे म्हणाले. आवाज एकदम बारीक. "दंडासकट भरलंय सगळं."

"भरलंय सर, दिसतंय. पण वेळेवर नाही."

मी म्हटलं, "ठीक आहे, यांचे कमी, माझे जास्त. मधला धरा की!"

"आमच्याकडे जोडप्याचं उत्पन्न मिळवून धरतात, पण स्कोअर मिळवत नाहीत. दोघांतला जो कमी तोच धरतात. सहाशे एकोणीसवर केस पुढं जाणार नाही." त्यानं आणखी दोन बटणं दाबली आणि अगदी मदत केल्याच्या सुरात म्हणाला, "सर अर्जातून बाहेर पडले तर होईल. मॅडमच्या एकटीच्या उत्पन्नावर तेवीस लाख बसतात. फक्त घरही मग मॅडमच्या एकटीच्या नावावर घ्यावं लागेल. घरावर ज्याचं नाव, तो अर्जात पाहिजेच."

"म्हणजे मी एकटी तेवीस लाखांची," मी म्हटलं, "आणि आम्ही दोघं मिळून शून्य?"

"सिस्टीम तसं दाखवते, मॅडम."

यांनी मान हलवली. "हाव," एवढंच म्हणाले. पोरानं वर्गात चूक दाखवल्यावर मास्तर जसे फळा पुसून घेतात, तसं ते 'हाव' होतं. साहेबानं यांचा सगळा रिपोर्ट छापून हातात दिला, आठ-नऊ पानं.

बाहेर आलो आणि माझं डोकं सटकलं. गाड्या लावायच्या जागेत, उसाच्या रसवाल्यासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत मी सुरू झाले. अठरा वर्षं मी साड्या मोजून घेतल्या, एक ट्रिप केली नाही, ठेवीतला रुपया हलू दिला नाही, आणि तुम्ही तिकडं जंगलात बसून हप्ते चुकवत होतात? मला एका शब्दानं सांगितलं नाही? तीन लाख इसार बुडाला तर कुणाच्या बापाचे? ते खिशाचं पेन काढून परत लावत राहिले. ते बघून मला आणखी चेव आला. मग मी ते बोलले जे बोलायला नको होतं. म्हटलं, "तुमच्याशिवाय एकटी असते तर बरं झालं असतं. बँकेनंसुद्धा तेच सांगितलं."

रसवाल्यानं चरक थांबवला. ह्यांनी हातातली प्लॅस्टिकची फाईल माझ्याकडे दिली. "यात पावत्या आहेत सगळ्या. बघ जमलं तर. माझी नांदेडची बस हाय तीनला." आणि गेले. मला वाटलं होतं निदान घरी येतील, जेवतील. रिक्षासुद्धा केली नाही, स्टँडच्या दिशेनं चालत गेले.

दुसऱ्या दिवशी घराचे मालक काका क्लासच्या दारात येऊन उभे. त्यांना बँकेतून कुणीतरी सांगितलं होतं का त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं, कोण जाणे.

"बाई, माझा शब्द हाय तुम्हाला. पर पोराचा न्हाई. त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक हाय, रोख देणारं. तो दिवस मोजून राहिलाय. एकसष्टाव्या दिवशी माझं काई चालणार न्हाई."

मी म्हटलं, "काका, होतंय." काय होतंय ते मला ठाऊक नव्हतं. उरले होते अठरा दिवस. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. वर्गात पेशी विभाजन शिकवत होते आणि डोक्यात पाच लाखांचं भगदाड. कारण एकटीनं कर्ज घेतलं तरी अठ्ठावीसला पाच कमी पडत होते.

रविवारी दुपारी लेक आतल्या खोलीत अभ्यासाला बसली आणि मी यांचा रिपोर्ट काढला. सोबत लाल पेन. खोटं कशाला सांगू, मी तो पेपर तपासायला घेतला होता. पुढच्या वेळी आले की एकेक चूक तोंडावर टाकायची, असा बेत. रिपोर्टात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या चौकटी असतात. हप्ता वेळेवर गेला की शून्य, चुकला की किती दिवस चुकला त्याचा आकडा. मी आकड्यांना गोल करत निघाले. बत्तीस, गोल. एकसष्ट, गोल. तीस, गोल.

पहिलं कर्ज खासगी होतं, एक लाख वीस हजार. कशाचं ते रिपोर्टात लिहीत नाहीत. मी तारीख बघितली, आणि मला आठवलं की त्या महिन्यात माझ्या बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. माझ्या भावानं हात वर केले होते. हे म्हणाले होते, मी बघतो.

पुढचं दुचाकीचं. आमच्या घरात दुचाकी एकच, माझी स्कूटी. हे तर तिकडं शाळेतून बाजारापर्यंत वडापच्या जीपमध्ये दाटीनं बसून जातात.

मग लॅपटॉप. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला, पुढं ऑनलाइन सुरू झाला, आणि मालक म्हणाले ज्याच्याकडं स्वतःचा लॅपटॉप त्यालाच तास मिळतील. त्या वर्षभरात मला पगार जवळजवळ नव्हताच. तेव्हाही मी ठेव मोडली नाही, हे मी नातेवाइकांना किती वेळा फुशारकीनं सांगितलंय! कुणी विचारलं नाही की मग घर कशावर चाललं. मीही विचारलं नाही.

माझी एम.एस्सी.ची फी. लेकीच्या वेळचं दवाखान्याचं बिल, तेव्हा काढलेलं क्रेडिट कार्ड. मी पानं उलटत होते आणि पेन हातातच राहिलं होतं. त्या आठ पानांत यांच्या स्वतःसाठी घेतलेलं काही सापडेना. एक मोबाइल होता, चार हजारांचा, तोही आता लेकीकडं आहे.

आश्रमशाळेचा पगार वेळेवर होत नाही, हे मला ठाऊक होतं. अनुदान वरून यायचं, कधी दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांचं एकदम. पण यांनी घरातलं कधी काही अडू दिलं नाही, म्हणून तो उशीर मला कधी लागलाच नाही. सहकाऱ्यांकडून उसने घेऊन भाडं पाठवायचे, किराणा पाठवायचे. हप्ता मात्र मशीन पाच तारखेला कापायला यायचं आणि खातं रिकामं बघून परत जायचं. पगार झाला की हे दंडासकट तिन्ही हप्ते एकदम भरायचे आणि पावती फाईलला लावायचे. मास्तर माणूस. त्यांच्या हिशोबानं पावती आहे म्हणजे विषय मिटला.

आणि मग माझा सातशे ब्याण्णव कुठून आला, ते बघायला मी माझं पासबुक काढलं. माझ्या नावावर आजवर एकच कर्ज, फ्रिजचं. यांच्या कार्डावर जागा नव्हती म्हणून माझ्या नावावर घेतलेलं. अठरा हप्ते, अठराही तारखेला गेलेले. दर महिन्याच्या तीन नाही तर चार तारखेला माझ्या खात्यात एकोणतीसशे रुपये जमा. पाठवणारे हे. ज्या महिन्यात यांच्या चौकटीत बत्तीस, त्या महिन्यातही माझ्याकडे एकोणतीसशे. ज्या महिन्यात एकसष्ट, त्या महिन्यातही. हातात तेवढेच होते, ते आधी माझ्या खात्यात टाकले आणि स्वतःचं नाव जाऊ दिलं.

एका चौकटीपाशी मी अडकले. तो महिना मला नीट आठवत होता. यांचा फोन आला होता. म्हणाले होते, "पगार लेट होऊन राहिला. दहा हजार टाकतेस का? पंधरा दिवसांत देतो परत." मी तासाला जायच्या घाईत होते. म्हटलं, "ठेवीला हात लावायचा नाही, ठरलंय ना? शाळेतल्या कुणाला तरी मागा." ते म्हणाले, "हाव, बघतो." त्या महिन्याच्या चौकटीत तेहतीस होते. मी त्यालाही आधीच गोल करून ठेवला होता.

मला लाज वाटली. ज्याला रागाची सवय आहे त्याला लाज लवकर ओळखू येत नाही. मला आधी वाटलं पित्त झालंय. पाणी प्यायले, उभी राहिले, बसले. लेक बाहेर येऊन म्हणाली, "मम्मी, तू रडतीयेस का?" मी तिच्यावरच खेकसले, "अभ्यास कर!"

यांना फोन लावला. त्यांच्या खोलीत रेंज नसते, पाण्याच्या टाकीपाशी चढावं लागतं. अकरा वेळा लावला. संध्याकाळी त्यांचा आला, धाप लागलेला. "काय झालं? लेक बरी हाय ना?"

मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. तोंडातून आलं, "पाच लाख कमी पडतात."

"माहीत हाय. गुरुवारी नांदेडला ये. माझ्या दोन पॉलिसी हायत, त्या मोडू. पैसे आठवड्यात येतात म्हणून राहिले."

त्या पॉलिसी त्यांच्या म्हातारपणाच्या होत्या. माझ्याआधी त्यांचं ठरलेलंही होतं. सहा दिवस मी तिळतिळ तुटत होते आणि हा माणूस शांतपणे चौकशी करून मोकळा झाला होता. मला तेव्हाही राग आला, सांगून ठेवते.

गुरुवारी सकाळच्या बसनं नांदेडला गेले. विम्याच्या ऑफिसात सह्या व्हायला बारा वाजले. मुदतीआधी मोडल्यामुळं कापून कापून पाच लाख दहा हजार बसले. तेवढ्यात बँकेच्या साहेबाचा मेसेज: नवऱ्याचे पैसे बायकोच्या घराला लागणार, तर ते कशाचे याचं पत्र लागेल, सही करून आजच फोटो पाठवा. मजकूरही त्यानंच दिला होता. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा सांगितला. यांनी बॅगेतून रेघांचा कागद काढला आणि शाळेत फळ्यावर लिहितात त्या अक्षरात लिहायला लागले. सदर रक्कम मी माझ्या पत्नीस स्वखुशीने भेट देत आहे. या रकमेवर अथवा तीतून घेतलेल्या मालमत्तेवर माझा कोणताही हक्क राहणार नाही.

लिहून झाल्यावर त्यांनी वाचलं आणि पेन हवेत धरून म्हणाले, "'आज अथवा भविष्यात' असं घालू का मधी? वाक्य पक्कं होईल."

"घाला!" मी ओरडले. "सगळं घाला! माझ्या घरात पाऊल ठेवणार नाही असंही घाला!" शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले.

"अगं, नमुना हाय तो. एवढं काय."

"त्या दिवशी मी जे बोलले ना, रसवाल्यापाशी—"

"कोणत्या दिवशी? तू तर रोजच बोलतेस."

"चेष्टा करू नका. मी रिपोर्ट वाचला. सगळा." मी कप बाजूला सरकवला. "सांगितलं का नाही मला?"

ते बशीत चहा ओतत होते. ओतून झाला. "सांगितलं होतं की. दहा हजार मागितले होते."

आता मला दोन शब्द सुनावायची त्यांची पाळी होती, पण त्यांनी तिचा फायदासुद्धा घेतला नाही. उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "दोघांचं खराब व्हायला नको म्हणलं. एकाचं तरी कोरं राहू दे. कामाला आलं का न्हाई आता?"

मी त्या हॉटेलात त्यांची माफी मागितली. नीट, शब्दांत, "माझं चुकलं" असं म्हणून. ते इतके गांगरले की त्यांनी आणखी दोन चहा सांगितले.

पैसे आले पंचावन्नाव्या दिवशी. बँकेचं मंजुरीचं पत्र सत्तावन्नाव्या दिवशी, दुपारी चार वाजता. इसारपावतीत दोघांची नावं होती, ती बदलून माझ्या एकटीचं करायला काका कुरकुर करतील अशी भीती होती. ते म्हणाले, "नाव कुणाचं बी घाला बाई, परवाच्या आत घाला." एकोणसाठाव्या दिवशी आम्ही सगळे रजिस्ट्री ऑफिसात. सकाळी अकराचा नंबर. अकराला सर्व्हर गेला. बाराला आला, पाच मिनिटांत परत गेला. काकांचा पोरगा हैदराबादहून दर अर्ध्या तासानं फोन करत होता आणि काका दर वेळी जिना उतरून खाली जाऊन बोलत होते. मी घड्याळ बघत होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आज झालं नाही तर तीन लाख आणि घर, दोन्ही गेलं.

दस्त लिहिणारा मात्र मजेत होता. "मॅडम, एकट्या बाईच्या नावावर घेतलं म्हणून शुल्कात एक टक्का सवलत मिळाली बरं का! सगळ्यांनी असंच करायला पाहिजे." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो कागद चाळायला लागला.

पावणेचारला सर्व्हर आला. आमचा नंबर लागला आणि दस्तवाला कपाळावर हात मारून म्हणाला, ओळख देणारे दोन लागतात, माझा एकच माणूस आलाय. दुसरा फोन उचलत नव्हता. खिडकीतली बाई म्हणाली, पाच मिनिटांत आणा नाहीतर पुढचा नंबर घेते.

"मी हाय की," हे म्हणाले. तोवर ते भिंतीपाशी बाकावर बसून होते. त्या कामात त्यांचं काही कामच नव्हतं.

बाईनं त्यांचं आधार घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "खरेदी घेणाऱ्या बाईंना ओळखता?"

"ओळखतो."

"किती वर्षांपासून?"

"अठरा."

"राहणार?" तिनं आधार बघून स्वतःच टाइप केलं. "राहणार किनवट."

"थांबा," मी म्हटलं. "किनवट नाही. औसा रोड लिहा. ह्याच घराचा पत्ता लिहा."

"मॅडम, आधारवर आहे तोच लागतो."

"ते तिथं नोकरीला आहेत. राहणार इथंच आहेत, ह्या घरात. लिहा ना!" माझा आवाज चढला होता. काका म्हणाले, "बाई, वेळ चाललाय." यांनी माझ्या कोपराला हलकेच हात लावला आणि खिडकीत वाकून म्हणाले, "लिहा मॅडम, किनवट. बरोबर हाय ते." आणि यंत्रावर अंगठा ठेवला.

चार वाजून वीस मिनिटांनी घर माझं झालं. काकांनी किल्ल्या दिल्या, पोराला फोन लावला आणि डोळे पुसले. सगळ्यांनी मला हात जोडून अभिनंदन केलं. मी जिन्यात उभं राहून दस्ताची पानं उलटली. सुरुवातीला खरेदीदार म्हणून माझा फोटो. शेवटच्या पानावर, दस्तवाल्याच्या माणसाशेजारी, पासपोर्टाएवढा यांचा फोटो, खाली अंगठा, आणि वर छापलेली ओळ, की खालील इसम खरेदी घेणार यांना व्यक्तिशः ओळखतात.

"झालं की गं घर," हे म्हणाले. "आता तरी हास."

मला हसू आलं नाही. मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या खिशात घातला. त्यांनी तो काढून परत माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "तुझ्याकडंच असू दे. मला पाच पंचवीसची बस हाय."